८५६ची डागडुजी : ई-नियतकालिकांच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

कॉलेज सुरू झालं. प्रवेशाची गर्दी ऑफिसच्या खिडकीपाशी आहे, वाचनकक्ष अजून रिकामा. पुढच्या महिन्यात डोकं वर काढायला वेळ मिळणार नाही, म्हणून हे काम आत्ताच हाती घेतेय.

आमचा ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका, कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीवर चालतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या मागच्या फेरीआधी एन-लिस्टमधल्या नियतकालिकांची यादी एक्सेलमधून मार्कमध्ये, म्हणजे आकडी टॅग असलेल्या ग्रंथालयीन नोंदींच्या रचनेत, बदलून एकगठ्ठा तालिकेत ओतली गेली. एन-लिस्ट ही २०१० साली सुरू झालेली योजना. महाविद्यालयांना सहा हजारांवर ई-नियतकालिकं त्यातून वाचायला मिळतात आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. योजना चांगलीच आहे, अडचण आमच्या नोंदींची आहे. प्रत्येक नोंदीत नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक) आणि ८५६ या टॅगमध्ये एक वेबपत्ता, बस्स. कोणत्या वर्षापासूनचे अंक, कोणत्या लॉगिनने उघडतात, याचा पत्ताच नाही.

परीक्षेच्या दिवसांत अर्थशास्त्राचे सर काउंटरवर येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या ओपॅकवर जे दिसतं ते कधी उघडतं का हो?" त्यांनी एका लेखासाठी लिंक दाबली होती आणि समोर प्रकाशकाने डॉलरमध्ये किंमत मांडली होती. सरांकडे एन-लिस्टचं लॉगिन आहे. पण एन-लिस्टमध्ये महाविद्यालयाच्या आयपी पत्त्यावर प्रवेश नसतो, प्रत्येकाने आपल्या लॉगिनने आत जायचं असतं. आमची लिंक त्यांना त्या दारावर न नेता थेट प्रकाशकाच्या गल्ल्यावर सोडत होती.

लिंक चालते का, हे मशीन सांगेल. त्या लिंकच्या टोकाला आमच्या वाचकाला काय मिळतं, हे नोंदीत लिहायचं आहे. सगळा प्रकल्प एवढ्याचाच.

माणसं : मी, ग्रंथालय सहायक आणि एम.लिब. करणारी एक इंटर्न.

१८ जून

८५६मधले पत्ते तपासणारी स्क्रिप्ट कोहासोबतच येते. रात्री नेट रिकामं असताना ती चालवली. सकाळी भलीमोठी यादी हातात. इंटर्नला समजावून सांगताना कोडचा अर्थ इथेही टिपून ठेवते, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

२०० म्हणजे पान मिळालं. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, नवा पत्ता सर्व्हर स्वतःच सांगतो. ३०२ म्हणजे तात्पुरता दुसरीकडे पाठवतोय. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही. ४१० म्हणजे पान मुद्दाम काढून टाकलंय. हा कोड क्वचित दिसतो, कारण एवढा प्रामाणिकपणा करायला वेबमास्तरला वेळ लागतो. ४०३ म्हणजे परवानगी नाही.

४०३ पाहून सहायक घाबरले, कारण मोठ्या प्रकाशकांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यात होते. ब्राउझरमध्ये उघडून पाहिले तर सगळे व्यवस्थित. प्रकाशकांचे सर्व्हर यंत्रांना हाकलतात आणि आमची स्क्रिप्ट यंत्रच. त्यामुळे ४०३ आणि ४२९ (म्हणजे "फार भराभर विचारताय") यांच्यासाठी वेगळी यादी केली. त्या हाताने पाहायच्या. नाहीतर चांगल्या नोंदी मेल्या म्हणून पुसल्या जातात.

३०१चं काम सगळ्यात सोपं. बरेच पत्ते फक्त एचटीटीपीचे एचटीटीपीएस झालेत. कोहाच्या बॅच बदलात साचा बनवून ते एकदम दुरुस्त करता येतात. पण सरसकट नाही. लहान संस्थांच्या काही साइट्सना अजून प्रमाणपत्रच नाही. तिथे "एस" जोडला की ब्राउझर लाल पाटी दाखवतो आणि विद्यार्थी मागे फिरतो. साचा फक्त त्या पत्त्यांवर चालवला ज्यांच्या सर्व्हरने स्वतः नवा पत्ता दिला होता.

२३ जून

आज २००ची यादी. सगळ्यात मोठी आणि स्क्रिप्टच्या मते सगळ्यात निरोगी.

इंटर्नला सांगितलं, यातल्या मधूनमधून नोंदी उचल आणि स्वतः विद्यार्थिनी आहेस असं समजून उघड. दुपारपर्यंत तिची वही भरली. कुठे लेख विकत घ्यायचं पान. कुठे प्रकाशकाचं मुखपृष्ठ, नियतकालिकाचं नावही नाही. कुठे "हे पान आता उपलब्ध नाही" असं छान रंगीत चित्र, पण कोड मात्र २००. एका विद्याशाखीय नियतकालिकाच्या जागी चक्क सट्ट्याची जाहिरात. त्या नियतकालिकाने डोमेनचं नूतनीकरण केलं नाही, दुसऱ्या कुणीतरी ते नाव विकत घेतलं. पत्ता तोच, मालक वेगळा. स्क्रिप्ट म्हणते, सर्व ठीक.

तुटलेली लिंक त्या मानाने गुणी. ती निदान बोंब मारते. आमच्या तालिकेत कॉलेजच्या नावाखाली सट्ट्याचं दार उघडं आहे आणि ते कुणाला दिसत नाही, हे फार वाईट. ती नोंद लगेच झाकली.

इथे एक नियम ठरला. ज्या लिंका बड्या, ओळखीच्या प्रकाशकांकडे जातात त्या स्क्रिप्टवर सोडायच्या. स्वतंत्र डोमेन असलेली लहान नियतकालिकं माणसाने डोळ्यांनी पाहायची, वर्षातून एकदा तरी.

आणखी एक वर्ग सापडला : ब्राउझरच्या पट्टीतून उचलून जसाच्या तसा चिकटवलेला पत्ता. त्यात कुणाच्या तरी त्या दिवसाच्या लॉगिनची खूण अडकलेली असते. चिकटवणाऱ्याला तो अर्धा तास चालतो, मग कुणालाच चालत नाही. अशा पत्त्यांतला प्रश्नचिन्हापुढचा भाग छाटून पाहायचा. बहुतेक वेळा उरलेला पत्ता चालतो.

२७ जून

एकाच नियतकालिकाच्या किती नोंदी ठेवायच्या, यावर आज सहायकांशी बराच वेळ चर्चा. आमच्याकडे ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’च्या तीन नोंदी आहेत : छापील, त्यांच्या स्वतःच्या साइटची आणि जेस्टोअर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाची. ओपॅकमध्ये शोधलं की तिन्ही एकाखाली एक येतात, आणि सर कोणत्याही एकीवर टिचकी मारतात.

अमेरिकेतल्या कॉन्सर या नियतकालिकांच्या तालिकीकरणाच्या कार्यक्रमाने २००३ सालीच ठरवलं की ऑनलाइन नियतकालिक कितीही मंचांवर असलं तरी ऑनलाइन रूपाची नोंद एकच, आणि तिच्यात हव्या तितक्या ८५६. आम्हीही तेच धरतोय. छापील रूपाची नोंद वेगळी, ऑनलाइनची वेगळी, दोघींना ७७६ या टॅगने जोडायचं. छापील नोंदीतच लिंक टाकून मोकळं व्हावं, हा सहायकांचा आग्रह होता. लहान ग्रंथालयाला ते चालतंही. पण आमच्या छापील नोंदीला बांधीव खंड जोडलेले आहेत. वर्गणी बंद झाली की छापील खंड राहतात आणि लिंक जाते. दोन वेगळ्या आयुष्यांच्या गोष्टी एका नोंदीत कोंबल्या की पुढच्या माणसाचा गोंधळ होतो.

ईपीडब्ल्यूचं, म्हणजे याच वीकलीचं, एक उपप्रकरण आहे. हे साप्ताहिक १९६६च्या ऑगस्टपासूनचं. त्याआधी १९४९पासून ‘द इकॉनॉमिक वीकली’ निघत होतं, मुंबईतूनच, संपादक तेच सचिन चौधुरी. पंचवार्षिक योजनांच्या पहिल्या दशकावर काम करणाऱ्यांना लागतं ते जुनंच. नाव बदललं म्हणजे नवी नोंद. जुनीत ७८५ (पुढचं नाव), नवीत ७८० (आधीचं नाव), म्हणजे एकीतून दुसरीकडे जाता येतं. आमच्याकडे जुन्या नावाची नोंदच नव्हती. ईपीडब्ल्यूच्या साइटवर जुन्या साप्ताहिकाचे अंकही आहेत. आज नोंद केली आणि सरांना फोन केला. ते म्हणाले, "हे होतं इथे?"

इंटर्नला आयएसएसएन तपासायला शिकवलं. छापील ईपीडब्ल्यूचा ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ने गुणायचं : ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. अकराने भागून बाकी ५. अकरातून पाच गेले, उरले ६. शेवटचा अंक ६ हवा, आहे. ऑनलाइनचा २३४९-८८४६ तिने स्वतः करून पाहिला : बेरीज १७०, बाकी ५, पुन्हा ६. खूश झाली. मग म्हणाली, "मॅडम, उरले दहा तर?" तर रोमन एक्स. ‘रेझोनन्स’चा ऑनलाइन क्रमांक ०९७३-७१२एक्स, तोच तिला उदाहरण म्हणून दिला.

छापील आणि ऑनलाइनला वेगवेगळे आयएसएसएन असतात, आणि २००७च्या मानकापासून दोघांना बांधणारा जोडक्रमांक, आयएसएसएन-एल, असतो. तो ०२२ टॅगच्या एल सबफील्डमध्ये, म्हणजे उपभागात, गेला की दोन्ही नोंदी एकमेकींना सापडतात. आमच्या ओतीव नोंदींत छापीलचा क्रमांक ऑनलाइनच्या नोंदीत बसलाय. दुरुस्तीला लागतील तितके दिवस लागोत.

२ जुलै

एक्सेलने शून्यं खाल्ली. ज्या क्रमांकांत मधली रेघ नव्हती त्यांची सुरुवातीची दोन-दोन शून्यं गायब, आठ अंकांचे सहा झालेत. आडवी रेघ घालून आणि रकाना "मजकूर" करून पुन्हा भरले.

७ जुलै

काल आषाढी. आज वाचनकक्षात तीनच जण, त्यातले दोन पेपर वाचायला. बसून कव्हरेजचं, म्हणजे कोणत्या काळातले अंक मिळतात त्याचं, काम केलं.

वाचकाला तालिकेतून खरं हवं असतं ते हे : "मला २०१२चा अंक मिळेल का?" ८५६मध्ये त्यासाठी सबफील्ड ३ आहे. तिथे "खंड १ (१९९६) पासून" असं लिहिलं की ओपॅकवर लिंकच्या आधी तेच दिसतं. झेड सबफील्डमध्ये वाचकासाठी टीप : "एन-लिस्टच्या लॉगिनने" किंवा "सर्वांना खुले". एक्स सबफील्डमध्ये आमच्यासाठी टीप, ती वाचकाला दिसत नाही. तिथे तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं.

कव्हरेज कुठून घ्यायचं? प्रकाशक केबार्ट नावाच्या ठरीव रचनेत याद्या देतात. पहिली शिफारस २०१०ची, सुधारित २०१४ची. साधी टॅबने तोडलेली फाईल, एक ओळ एक नियतकालिक : नाव, दोन्ही क्रमांक, पहिला अंक, शेवटचा अंक, पत्ता. शेवटचा अंक हा रकाना रिकामा असेल तर नियतकालिक चालू आहे, असा अर्थ. आमच्या आयातीत रिकामा रकाना म्हणजे "माहिती नाही" असा घेतला गेला आणि कव्हरेज टाकलंच गेलं नाही.

त्या फाईलमध्ये एक रकाना निर्बंधाचा. "पी१वाय" म्हणजे अगदी अलीकडचं एक वर्ष सोडून बाकी मिळेल. "आर१०वाय" म्हणजे फक्त मागची दहा वर्षं मिळतील, आणि ती खिडकी दरवर्षी पुढे सरकते. जेस्टोअरची सरकती भिंत पहिल्या प्रकारची, ताजी काही वर्षं मिळत नाहीत. वाचकाला हे कोड दाखवून उपयोग नाही. आम्ही "ताजं एक वर्ष नाही" असं मराठीत लिहितोय. वर्ष आकड्यात लिहायचं नाही, कारण ते पुढच्या जानेवारीत खोटं ठरतं.

विज्ञान विभागातून विचारणा : सरकारी महाविद्यालयातल्या मित्राला जे उघडतं ते आपल्याला का नाही? कारण ‘एक राष्ट्र एक सदस्यता’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ला मंजूर केलेली योजना : ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. आम्ही खासगी संस्थेचं अनुदानित महाविद्यालय, तेव्हा आमचा आधार एन-लिस्टच. हे तालिकेत लिहिता येत नाही, पण काउंटरवर चिकटवलंय.

‘रेझोनन्स’पाशी बराच वेळ गेला. भारतीय विज्ञान अकादमीचं हे १९९६पासूनचं मासिक. अकादमीच्या साइटवर सगळे अंक मोफत, आणि तेच स्प्रिंगरच्या मंचावरही. आमच्या नोंदीत फक्त स्प्रिंगरचा पत्ता, म्हणजे फुकट मिळणाऱ्या मासिकासाठी आमची मुलं पैशाच्या पानावर जात होती. खुली लिंक वर, "सर्वांना खुले" या टीपेसह. बी.एस्सी.च्या मुलांना झेपेल असं लिखाण या मासिकात असतं, म्हणून ही एक दुरुस्ती मला बाकी शंभरांपेक्षा मोलाची वाटते.

१५ जुलै

मराठी नियतकालिकं. याच कामासाठी मी सगळ्यात जास्त उत्सुक होते, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीही इथेच.

मराठीत लिंक जिवंत असते आणि मजकूर मेलेला असतो, असा एक स्वतंत्र प्रकार आहे. २००० सालाच्या आसपासच्या साइट्स युनिकोडमध्ये नव्हत्या. प्रत्येकीचा स्वतःचा फाँट, तो त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पानासोबत उतरायचा. आजच्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा रगाडा. स्क्रिप्ट म्हणते २००. अशा नोंदींत झेड टीप घातली : "जुना फाँट, मजकूर वाचता येत नाही". काढून टाकल्या नाहीत, कारण अंकाची अनुक्रमणिका चित्रांत आहे आणि कुणी फाँट बदलणारं साधन वापरून वाचूही शकतो.

पीडीएफमध्ये तोच आजार लपून असतो. दिसायला सुंदर मराठी, पण आतला मजकूर जुन्या फाँटचा. वाचता येतं, शोधता येत नाही. विद्यार्थी "शोध" दाबतो, शून्य उत्तरं, आणि ठरवतो की या विषयावर मराठीत काही लिहिलेलंच नाही.

दुसरी अडचण देवनागरी पत्त्यांची. हल्ली साइट्स लेखाच्या मथळ्यावरूनच पत्ता बनवतात. ‘सुधारक’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये सहा चिन्हं. प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८मध्ये तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांचा. एका शब्दाची ५४ अक्षरं झाली. सात-आठ शब्दांचा मथळा असेल तर पत्ता चारशेपार जातो, आणि एक्सेल किंवा ई-मेलमधून येताना मध्येच तुटतो. तुटला तो टक्क्याच्या खुणेपाशी तुटला तर ४०४सुद्धा मिळत नाही, सर्व्हर "चुकीची विनंती" म्हणतो. नियतकालिकाच्या नोंदीत म्हणून फक्त मुखपृष्ठाचा किंवा अंकांच्या यादीचा लहान पत्ता. लेखाचा कधीच नाही.

‘आजचा सुधारक’ची नोंद हाताने नव्याने केली. दि. य. देशपांडे यांनी १९९०मध्ये नागपूरहून सुरू केलेलं मासिक, पुढे छापील अंक थांबून ऑनलाइन चालू राहिलं. आमच्याकडे बांधीव खंड आहेत आणि ते "बंद" म्हणून नोंदले होते. बंद झालं ते छापील रूप. दोन नोंदी, मध्ये जोड, आणि छापील नोंदीवर "पुढे ऑनलाइन". आगरकरांचा १८८८चा ‘सुधारक’ वेगळा, त्याची नोंद याला जोडायची नाही. इंटर्नने उत्साहाने जोडली होती, ती सोडवली.

इतिहासाच्या मॅडमनी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची ‘अ‍ॅनल्स’ आणि डेक्कन कॉलेजचं १९३९पासूनचं ‘बुलेटिन’ मागितलं होतं. दोन्ही जेस्टोअरवर आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलची मात्र गुंतागुंत : १८४१पासून ते ‘बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’च्या नावाने, नंतर संस्थेचं नाव बदललं तसं जर्नलचंही. जुन्या खंडांच्या स्कॅन प्रती एकाहून जास्त ठिकाणी आहेत, सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’वरही. खंडवार सबफील्ड ३ भरायला अख्खी दुपार गेली. मॅडमनी चहा पाठवला.

२२ जुलै

प्राचार्यांकडे बैठक. मी प्रस्ताव दिला : सहा हजारांवरच्या ओतीव नोंदींपैकी ज्यांना आमच्या एकाही विभागाशी संबंध नाही त्या ओपॅकवरून उतरवायच्या. अभ्यासक्रमाच्या संदर्भयाद्या, विभागांनी दिलेली नावं आणि आमचे छापील खंड एवढं धरलं की साडेचारशेच्या आसपास नियतकालिकं उरतात. तेवढी आम्ही दोघं-तिघं खरोखर सांभाळू शकतो.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, नॅकला आकडा मोठा दाखवायचा असतो, आणि तुम्ही कमी करताय?"

मी म्हटलं, आकडा वर्गणीचा असतो. एन-लिस्टचं सदस्यत्व आहे, त्यांची यादी आहे, ती फाईलला लागते. तालिकेत नाव असणं ही वेगळी गोष्ट, तिथे आपण वाचकाला शब्द देतो. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी साथ दिली. त्यांच्या विभागात चारच नियतकालिकं वाचली जातात, पण ओपॅकवर "बॉटनी" टाकलं की आधी पानभर न उघडणारी येतात.

तोडगा निघाला : पुसायचं नाही, झाकायचं. कोहात ९४२च्या एन सबफील्डने नोंद ओपॅकवर दिसत नाही, आत राहते. नावं शोधायची ज्यांना गरज, त्यांच्यासाठी ओपॅकच्या पहिल्या पानावर एन-लिस्टच्या स्वतःच्या शोधाची एकच लिंक. सर्वांना मान्य.

हा निर्णय मला या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही ग्रंथपाल मैत्रिणींना पटणार नाही, ठाऊक आहे.

४ ऑगस्ट

वाचनकक्षाच्या भिंतीवरचे क्यूआर कोडचे कागद तपासले. त्यातले कित्येक गुगलच्या लघुलिंकांवर जातात. गुगलने २०१९मध्ये नव्या लघुलिंका देणं थांबवलं, गेल्या वर्षी जाहीर केलं की २५ ऑगस्ट २०२५नंतर जुन्याही चालणार नाहीत, आणि आता १ ऑगस्टला सांगितलं की वापरात असलेल्या राहतील. म्हणजे ज्यांच्यावर कुणी टिचकी मारली नाही त्या जाणार. दुर्मीळ गोष्टींवर कमीच टिचक्या पडतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तालिकेतल्या अशा सगळ्या लिंका आज उघडून मूळ पत्ते भरले. कागद फाडले, नवे लावले. लघुलिंक ८५६मध्ये घालायची नाही, हे भिंतीवरच लिहून ठेवलं.

१८ ऑगस्ट

इंटर्नची सूचना : प्रत्येक नोंदीत कॉलेजच्या साइटचा एक पत्ता द्यावा, तिथून पुढे खऱ्या पत्त्यावर वळवावं. प्रकाशक बदलला तर एकाच तक्त्यात बदल, तालिकेला हात नाही.

विचार पक्का आहे. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने १९९५मध्ये पर्ल नावाने हेच सुरू केलं. २०१६पासून ते इंटरनेट आर्काइव्ह सांभाळतं. २०००पासूनची डीओआय व्यवस्थाही त्याच कल्पनेवर : "१०."ने सुरू होणारा क्रमांक कायम, त्यामागचा पत्ता बदलता. पण ही कल्पना टिकते ती मधला तक्ता कोण सांभाळतो यावर. डीओआयसुद्धा प्रकाशकाने नवा पत्ता कळवला तरच योग्य ठिकाणी नेतो. प्रकाशक गप्प बसला तर क्रमांक अमर आणि दार बंद. आणि आमच्या कॉलेजच्या साइटचं काय? कंत्राट बदललं की नवा माणूस येतो, साइट नव्याने बनते, जुने पत्ते जातात. त्या तक्त्यावर साडेचारशे लिंका टांगल्या तर एक दिवस सगळ्याच एकदम जातील. आत्ता निदान एकेक जातात. तिला हेच सांगितलं. ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली की विद्यापीठात असं असतं तर चाललं असतं. बरोबर आहे तिचं.

जुन्या डीओआय लिंकांत सुरुवातीला "डीएक्स" असतं. ते अजून चालतं, पण हल्ली शिफारस बिनडीएक्सच्या, एचटीटीपीएसच्या रूपाची. बॅचने बदलले.

८ सप्टेंबर

गणपती संपले. आज कायमची गेलेली नियतकालिकं.

२००० ते २०१९ या काळात वेबवरून पूर्ण नाहीशी झालेली १७४ मुक्त नियतकालिकं एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मोजली होती. पैशाअभावी नव्हे, फक्त सांभाळणारा माणूस निघून गेला म्हणूनही नियतकालिक जातं. आमच्या यादीत असं एक आहे : एका छोट्या संस्थेचं, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून लागणारं, डोमेनच नाही. कीपर्स रजिस्ट्रीत पाहिलं, म्हणजे कोणतं नियतकालिक कोणत्या जतनसंस्थेने सांभाळलंय याची ती यादी. आता ती पॅरिसच्या आयएसएसएन केंद्राकडे आहे. तिथे नाही. वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, मात्र काही अंकांच्या पीडीएफ सापडल्या.

मार्कमध्ये आता यासाठी सोय आहे. मेलेला पत्ता ८५६च्या एच सबफील्डमध्ये ठेवायचा, तो लिंक म्हणून दिसत नाही पण इतिहास राहतो. जतन केलेल्या प्रतीसाठी ८५७ हा वेगळा टॅग : कोणत्या संग्रहात, कोणत्या काळातली, पत्ता काय. आमच्या कोहातल्या नोंदीच्या साच्यात ८५७ नव्हता, सहायकांनी घातला. जेवढे अंक सापडले तेवढेच सबफील्डमध्ये लिहिले.

मेलेला पत्ता पुसू नये, हे मुद्दाम सांगते. विद्यार्थ्याच्या हातात एखाद्या प्रबंधातला जुना संदर्भ असतो, त्यात तोच पत्ता असतो. त्या पत्त्याने शोधलं तर आमची नोंद सापडली पाहिजे.

१९ सप्टेंबर

यूजीसी-केअरच्या, म्हणजे यूजीसीच्या दर्जेदार नियतकालिकांच्या यादीच्या, टिपा काढल्या. २०१९मध्ये ती यादी आली तेव्हा प्राध्यापकांच्या आग्रहाने नोंदींत "केअर यादीत" असं लिहिलं होतं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात ते काम चालायचं. यंदा फेब्रुवारीत यूजीसीने यादी बंद केल्याचं जाहीर केलं. जे दर वर्षी बदलू शकतं ते नोंदीत लिहायचं नाही. तरीही एक प्राध्यापक विचारून गेले, "मग आता चांगलं कोणतं ते कसं कळणार?" त्यांना डीओएजेची, म्हणजे २००३पासून चालणाऱ्या मुक्त नियतकालिकांच्या सूचीची, पाहणी कशी करायची ते दाखवलं, आणि संपादक मंडळातल्या दोघांना ई-मेल करून विचारायला सांगितलं की तुम्ही खरंच यात आहात का. नक्कल साइट्सचा सुळसुळाट आहे; खऱ्या नियतकालिकाचं नाव, खरा आयएसएसएन, आणि साइट भलत्याच माणसाची. आमच्या साडेचारशेंत अशी एक निघाली. मूळ नियतकालिक छापील होतं आणि त्याची स्वतःची साइटच नव्हती, म्हणून नकली पत्ता त्या जागी सहज बसला. ८५६ काढला, एक्स टीपेत कारण.

६ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर पहिला दिवस. स्क्रिप्ट आता महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री आपोआप चालते आणि सहायकांना ई-मेल जातो. ४०३ची यादी वेगळी येते. जानेवारीत एन-लिस्टची नवी यादी आली की कव्हरेज तपासायचं, प्रकाशक बदललेली नियतकालिकं आधी. स्वतंत्र डोमेनवाली मराठी नियतकालिकं मेच्या सुट्टीत, हाताने.

कोहात "अडचण कळवा" अशी सोय असते, ती ओपॅकवर चालू केली. पहिली तक्रार आजच आली, एम.ए. भाग एकच्या मुलीची : ‘बुलेटिन’चा एक खंड उघडल्यावर दुसराच येतो. पाहिलं. आमच्या सबफील्ड ३मध्ये खंडाचा क्रमांक बरोबर आहे, वर्ष एकाने पुढे लिहिलंय, कारण खंड एका वर्षाचा आणि छपाई पुढच्या वर्षी. दोन्ही वर्षं घातली आणि तिला उत्तर पाठवलं. याच धर्तीवर आणखी काही खंड तपासायचे आहेत; यादी सहायकांच्या टेबलावर.